कोसळणाऱ्या मुलांचा कार्डिओग्राम

इ.स. १८५६ साली जर्मनीतील लाइप्झिग येथे फ्रीडरिख मायस्नर नावाच्या वैद्याने मूकबधिरांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात मूकबधिर विद्यालयातील एका मुलीची हकीकत नमूद करून ठेवली. काही क्षुल्लक आगळिकीवरून तिला शाळेच्या प्रमुखांपुढे उभे करण्यात आले असता, तिला बोल लावला जात असतानाच, ती जागच्या जागी कोसळली आणि गतप्राण झाली. ते वर्तमान ऐकून तिच्या आईबापांना दुःख झाले, पण नवल वाटले नाही. कारण तिची दोन भावंडे, एक दचकल्यामुळे व दुसरे संतापाच्या भरात, अशीच अकस्मात गेली होती. मायस्नरपाशी या मृत्यूचा उलगडा करण्याचे साधन नव्हते. हृदयातील विद्युत्प्रवाहाचा आलेख काढणारे यंत्र आइंटहोव्हेन या डच शास्त्रज्ञाने सिद्ध केले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९२४ साली. मायस्नरने आपल्यापुरते एकच केले, पण ते फार मोलाचे केले. त्या मुलीच्या मृत्यूबरोबर तिच्या भावंडांच्या मृत्यूचीही त्याने नोंद घेतली.

पुढे १९५७ साली नॉर्वेमधील येर्व्हेल आणि लांगे-नील्सेन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आईबाप धडधाकट, सहा अपत्यांपैकी चार जन्मतः बधिर, त्या चौघांनाही वारंवार मूर्च्छा येई, आणि त्यांपैकी तिघे अनुक्रमे चौथ्या, पाचव्या व नवव्या वर्षी अकस्मात मरण पावले. त्यांच्या कार्डिओग्राममध्ये मात्र आता एक खूण स्पष्ट दिसत होती. ठोका पडल्यानंतर हृदय पुढील ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्यास जो अवधी लागतो, ज्याला वैद्यक क्यू-टी मध्यांतर म्हणते, तो या मुलांत लांबलेला होता. त्यानंतर १९६३ मध्ये इटलीत रोमानो यांनी व १९६४ मध्ये डब्लिन येथे वॉर्ड यांनी, श्रवणशक्ती उत्तम असलेल्या मुलांतही हाच लांबलेला अवधी व हेच अकस्मात मरण असल्याचे दाखविले, आणि हा विकार केवळ बधिरांचा नाही हे निश्चित झाले. आज इटलीतील नवजात बालकांच्या पाहणीवरून दर दोन हजारांमागे एकास तो असावा असे मानले जाते. या हिशेबाने महाराष्ट्रासारख्या प्रांतात अशा मुलांची संख्या अल्प म्हणता येणार नाही.

याचे कारण हृदयाच्या स्नायुपेशींच्या आवरणात आहे. सोडियम व कॅल्शियम यांचे कण आत शिरले म्हणजे पेशी आकुंचन पावते, आणि पोटॅशियमचे कण बाहेर पडले म्हणजे ती शांत होऊन पुढील आज्ञेस सिद्ध होते. ज्या सूक्ष्म द्वारांतून हे पोटॅशियम बाहेर जाते, त्यांची घडण ठरविणाऱ्या जनुकात दोष असला, की पेशीला शांत होण्यास विलंब लागतो. आणि त्या विलंबाच्या काळात एखादा अवेळी ठोका पडला, तर हृदयाची लय उधळते, ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलीत नाही, आणि काही क्षणांत मनुष्य निपचित पडतो. उधळलेली लय बहुधा आपोआप जाग्यावर येते, म्हणून मूल उठून बसते. एखादे वेळी येत नाही. नॉर्वेमधील त्या मुलांचे बहिरेपणही याच द्वारांशी निगडित होते, कारण अंतःकर्णातील द्रवात पोटॅशियम पोचविण्याचे काम तेच द्वार करते. आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर कान व हृदय दोन्ही जायबंदी होतात. एकाकडूनच आले, तर कान शाबूत राहतो, हृदयाचा धोका मात्र कमीअधिक प्रमाणात उरतोच.

या विकाराच्या पोटभेदांनुसार प्राणघातक क्षणही निरनिराळे असतात, आणि हे ज्ञान सामान्य वाचकालाही असावे असे मला वाटते. एका प्रकारात धावताना, आणि विशेषेकरून पोहताना, लय बिघडते. दुसऱ्यात गजराचे घड्याळ, टेलिफोनची घंटा, फटाक्याचा बार अशा अवचित ध्वनीने बिघडते, आणि याच प्रकारातील स्त्रियांना बाळंतपणानंतरचे महिने अधिक जोखमीचे असतात. तिसऱ्यात ती झोपेत बिघडते. याशिवाय एक निराळा आनुवंशिक विकार असा आहे की ज्यात स्वस्थ पडलेल्या मुलाचा कार्डिओग्राम अगदी निर्दोष येतो, आणि श्रम किंवा भावनेचा आवेग झाला की हृदय बेताल होते. फ्रान्समधील फिलिप कूमेल यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि तो ओळखण्यासाठी मुलाला ट्रेडमिलवर चालवून, पळवून पाहावे लागते. ब्रुगादा बंधूंनी १९९२ मध्ये वर्णिलेला विकार बहुधा तरुण पुरुषांना झोपेत गाठतो, आणि तापाने तो बळावतो.

आता आपल्याकडे काय घडते ते पाहू. शाळेच्या मैदानावर कवायत चालू आहे, शिट्टी वाजते, रांगेतील एक मुलगी पांढरीफटक पडून खाली कोसळते, क्षणभर तिचे हातपाय झटके देतात, डोळे फिरतात. भोवती घोळका जमतो. कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधतो. आणि तेवढ्यात मुलगी डोळे उघडून ‘काय झाले?’ म्हणून विचारते. कांद्याने गुण आला असे सर्वांना वाटते. ‘फिट आली’ हा शेरा त्या दिवशी तिच्या नावावर बसतो तो कायमचा. पुढे फेफऱ्याच्या गोळ्या सुरू होतात. मेंदूचा आलेख काढला जातो, त्यात विशेष काही आढळत नाही, तरी गोळ्या चालूच राहतात, आणि हृदयाचा आलेख कोणी काढीत नाही.

वस्तुतः या दोन अवस्थांत भेद करणे पुष्कळदा शक्य असते, आणि तो भेद घरच्या माणसांनी नीट पाहून सांगितलेल्या वृत्तांतावरच अवलंबून असतो. फेफऱ्यात बहुधा अंग प्रथम ताठरते, मग झटके येतात, जीभ चावली जाते, आणि शुद्धीवर आल्यावरही मूल बराच वेळ गुंगीत, गोंधळलेले असते. हृदयाच्या मूर्च्छेत मूल प्रथम फिकट पडते, लुळे होऊन कोसळते, मेंदूस रक्त न मिळाल्यामुळे नंतर झटके येतात, आणि लय परत आली की ते बहुधा लवकर भानावर येते. ती मूर्च्छा केव्हा आली हे तर याहूनही महत्त्वाचे. उन्हात प्रार्थनेसाठी तिष्ठत उभे असता घेरी येऊन पडणे वेगळे. धावता धावता, पाण्यात, दचकल्यावर किंवा रागाच्या भरात पडणे वेगळे. पहिली घेरी बहुतांशी निरुपद्रवी असते. दुसरी हृदयाकडून आली नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाकडूनच आली असे मानले पाहिजे, आणि या बाबतीत मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

पाण्याविषयी अधिक लिहिणे प्राप्त आहे. आपल्या गावोगावच्या विहिरींच्या काठी आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत, आणि पट्टीचा पोहणारा मुलगा दिवसाढवळ्या, सोबत्यांच्या देखत, एकही हाक न मारता तळाशी गेला, की त्याला आसरांनी ओढून नेले असे म्हणण्याचा प्रघात जुना आहे. ज्यांनी तो प्रघात पाडला त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. पोहता येणारा माणूस असा निमूटपणे बुडत नाही, हे त्यांना बरोबर दिसले होते. बुडणाऱ्या प्रत्येकाचे हृदय सदोष असते असे मुळीच नाही. दम तुटतो, गाळात पाय रुततो, डोके आपटते. परंतु उत्तम पोहणारा मुलगा विनाकारण बुडाला असेल, तर त्याच्या पाठच्या भावंडांना विहिरीत उतरू देण्यापूर्वी त्यांचा कार्डिओग्राम काढून घेणे, हे त्या घरावर झालेल्या आघातानंतरचे पहिले कर्तव्य होय.

कार्डिओग्राम काढणे सोपे आहे. तो वाचणे मात्र यंत्रावर सोपवून चालत नाही. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो, म्हणून त्यावरील प्रत्येक लहान चौकट ०.०४ सेकंदाची. ठोक्याचा उंच सुळका जेथून सुरू होतो तेथपासून, त्यामागून येणारा टी नावाचा घुमट जेथे संपतो तेथपर्यंतचे अंतर मोजावयाचे, आणि नाडीच्या गतीनुसार त्यात दुरुस्ती करावयाची. ही दुरुस्ती बॅझेट यांनी १९२० मध्ये सांगितलेल्या सूत्राने करतात. समजा, दोन सुळक्यांत २० चौकटी आहेत, म्हणजे ०.८० सेकंद, नाडी मिनिटाला ७५. आणि मध्यांतर ११ चौकटींचे, म्हणजे ०.४४ सेकंद. वरवर पाहणाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही. पण ०.४४ ला ०.८० च्या वर्गमुळाने भागले की ०.४९ येतात, आणि दुरुस्त केलेला आकडा ०.४६ च्या पुढे गेला की शंका घ्यावी, ०.४८ च्या पुढे ती बळकट व्हावी, असा वैद्यकाचा संकेत आहे. साध्या गतीच्या नाडीत डोळ्यांनी ओळखण्याचीही एक खूण आहे: दोन सुळक्यांच्या मध्यबिंदूपूर्वी टी घुमट संपलेला असावा. वरील उदाहरणात मध्यबिंदू दहाव्या चौकटीवर आहे आणि घुमट अकराव्या चौकटीवर संपतो. यंत्र कधीकधी घुमटाचा शेवट चुकीच्या जागी धरते, आणि कागदाच्या कोपऱ्यात ‘नॉर्मल’ छापून मोकळे होते. तो छापील शब्द वाचून कागद फाइलीत ठेवणे आणि पट्टी लावून चौकटी मोजणे, यांत दोन मिनिटांचे अंतर आहे. सदोष जनुक असलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांशांचा आलेख निर्दोषही दिसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून वृत्तांत संशयास्पद असेल तर एका निर्दोष कागदावर थांबू नये.

मग सर्वच मुलांचे कार्डिओग्राम का काढू नयेत, असे कोणी विचारील. जपानमध्ये १९७३ पासून शाळकरी मुलांच्या हृदयाची तपासणी होते, इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची सक्तीने होते, आणि त्या देशांना त्याचा लाभ झाला आहे. तरीही आपल्या आजच्या परिस्थितीत सरसकट तपासणीचा आग्रह मी धरणार नाही. काठावरचे आकडे असलेली असंख्य निरोगी मुले अशा तपासणीत ‘हृदयरोगी’ ठरतील, त्यांचे खेळ बंद होतील, आणि त्यांचा संशय फेडू शकणारे बालहृदयरोगतज्ज्ञ बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी नाहीत. त्याऐवजी जेथे संशयाला जागा आहे तेथे तरी तपासणी चुकू नये. जन्मतः बहिऱ्या मुलांत हा विकार शेकड्यात एकासही नसेल; पण ज्यांना तो असतो त्यांपैकी सुमारे निम्म्यांना वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आतच त्याचा झटका आलेला असतो, आणि ते मूल आपल्याला काय झाले हे सांगू शकत नाही. कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेपर्यंत जी मुले पोचतात त्यांचा कार्डिओग्राम भूल देण्यापूर्वी निघण्याचा संभव तरी असतो. तालुक्याच्या मूकबधिर विद्यालयात श्रवणयंत्र लावून बसलेल्या मुलाचा कोण काढणार? प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला व बधिरत्वाचे प्रमाणपत्र मागितले जाते; त्या दोन कागदांत एका तिसऱ्या कागदाची भर पडावी, एवढेच माझे मागणे आहे.

मृत्यूनंतरच्या दप्तराची गोष्ट याहून अधिक खेदकारक आहे. तरणाताठा मुलगा भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावताना पडतो, किंवा रात्री जेवून निजलेला सकाळी उठत नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ अन्वये होत असे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये होते. पंचनामा होतो, जबाब घेतले जातात, शवविच्छेदन होते, व्हिसेरा राखून ठेवला जातो. घातपात नाही, विषबाधा नाही, एवढे ठरले की कायद्याचे समाधान होते आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. ज्या विकारात हृदयाची रचना अगदी निर्दोष असते, त्या विकाराचा मृत्यू सुरीला व सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिणे म्हणजे मृत्यू मृत्यूने झाला असे लिहिणे होय. अशा वेळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी जनुकतपासणीसाठी थोडे रक्त योग्य नळीत घालून शीतपेटीत राखून ठेवावे, आणि आईबापांना लेखी कळवावे की मृत्यूचे कारण सापडले नाही, सबब त्याच्या सख्ख्या भावंडांची व तुमची स्वतःची हृदयतपासणी करून घ्या. हे कळविण्याची जबाबदारी आज कोणाच्याही अंगावर नाही. फौजदारांचा संबंध गुन्ह्याशी, डॉक्टरांचा शवाशी, आणि जी हयात आहेत त्यांची विचारपूस करणारा कोणी नाही. येर्व्हेल व लांगे-नील्सेन यांनी वर्णिलेला प्रकार सोडला तर हे विकार बहुधा एकाच जनकाकडून येतात, आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा एका मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याची वाट पाहणे हे अक्षम्य आहे.

कुटुंबे स्वतः पुढे का येत नाहीत, याचे कारण आपल्याला ठाऊक आहे, ते उघड बोलले पाहिजे. मुलीचे स्थळ जुळवावयाचे असते. घरात दोन पोरे अशीच गेली हे सोयऱ्यांना कळले तर लग्न मोडेल, आणि सदोष रक्त सुनेने आणले असे म्हणून सासरची माणसे तिला घालूनपाडून बोलतील, ही धास्ती खरी आहे. सुनेला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की बधिरत्वासह येणाऱ्या प्रकारात जनुक दोन्ही बाजूंनी यावे लागते, आणि इतर प्रकारांत ते बापाकडून येण्याचा संभव आईइतकाच असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीवर मुलाचा हक्क मानण्याची चाल फार जुनी आहे, इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची मांडणी करताना तिचा सविस्तर परामर्श घेतला आहे; आत्याची सासू होणे हे अनेक घरांत आजही सुखाचे लक्षण समजतात. आते-मामे भावंडांच्या विवाहात एकाच पूर्वजाचे एकच जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो, एवढी माहिती त्या घरांना असावी. झालेली लग्ने कोणी मोडावयाची नाहीत, की कोणाला हिणवावयाचे नाही. अशा जोडप्याचे मूल बहिरे जन्मले तर त्याच्या हृदयाकडे लगेच पाहावे, इतकेच.

कारण उपाय आहेत, आणि ते फार महाग नाहीत. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात शोधलेले प्रोप्रॅनोलॉल हे औषध काही रुपयांत मिळते, आणि लांबलेल्या क्यू-टीच्या मुलांना ते एक दिवसही न चुकवता, डॉक्टरांच्या सल्ल्याने, घेत राहिले तर मोठे संरक्षण देते. अनेक मुले ते घेऊन शाळा, नोकरी, संसार सर्व करतात. ज्यांना ते पुरत नाही त्यांच्यासाठी छातीतील डाव्या बाजूच्या काही मज्जातंतूंची शस्त्रक्रिया आहे, आणि अगदी जोखमीच्यांसाठी त्वचेखाली बसविण्याचे विद्युत्-यंत्र आहे. ते महाग आहे हे खरे. पण त्याहूनही निकडीची गोष्ट म्हणजे वर्ज्य औषधांची यादी. मळमळीसाठी डॉमपेरिडोन, घशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन, ही औषधे आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीवाचून सर्रास मिळतात, आणि दोन्ही क्यू-टी लांबवितात; त्यातच जुलाब-उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम घटलेले असले, तर निरोगी माणसाला न जाणवणारी मात्रा या मुलाचा घात करू शकते. अशा मुलाच्या खिशात वर्ज्य औषधांचे कार्ड असावे, त्याच्या वर्गशिक्षकांना ते ठाऊक असावे, आणि मूल कोसळून श्वास घेईनासे झाले तर कांदा शोधण्याऐवजी १०८ ला फोन लावून तत्काळ छाती दाबावयास लागावे, हे शाळेतील शिपायापर्यंत सर्वांना शिकवलेले असावे.

यासाठी नवी योजना काढण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरला झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत जातात, आणि जन्मजात हृदयदोष, बहिरेपण व झटके हे तिन्ही विषय त्यांच्या तपासणीच्या तक्त्यात आधीपासून आहेत. त्या तक्त्यात दोन प्रश्न वाढवावेत: मूल धावताना, पोहताना वा दचकून कधी बेशुद्ध पडले होते काय, आणि घरात चाळिशीच्या आतील कोणी अकस्मात गेले काय. यांपैकी एकाचे उत्तर होकारार्थी आले, किंवा मूल जन्मतः बहिरे असले, की त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवून कार्डिओग्राम काढावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी निःशुल्क आहे, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही. त्या कागदाचे छायाचित्र जिल्ह्याच्या फिजिशियनकडे जावे, त्यांनी चौकटी हाताने मोजून आकडा लिहून सही करावी, आणि मूळ कागद आईबापांच्या स्वाधीन करावा. पुढे धाकट्या भावंडाला मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले, तर तेथील डॉक्टर थोरल्याचा कागद प्रथम मागतात.